पाशाला चावलेली घोणस

घोणस चावली ती पाशाला. पाशा म्हणजे माझा कुत्रा. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण 'ऐन लोझ' नावाच्या आमच्या डोंगरी गावात आजही कुणालाही विचारलंत तर तो शपथेवर सांगेल की घोणस उस्ताद शफीकना चावली, म्हणजे मला. जरा खोदून विचारलंत तर एक नव्हे, दोन चावल्या म्हणून सांगेल. आमच्या डोंगरात बातमी कधी एकटी राहत नाही. माणसं राहतात.

मी निवृत्त भूगोल शिक्षक. आमच्याकडे मास्तरांना उस्ताद म्हणतात. तीस-बत्तीस वर्षं गावच्या शाळेत भिंतीवर नकाशे टांगले आणि जग किती मोठं आहे ते पोरांना मोठ्या तळमळीनं शिकवलं. पोरांनी ते मनावर घेतलं आणि सगळी निघून गेली. कुणी ब्राझीलला, कुणी सिडनीला, कुणी दुबईला. माझा स्वतःचा मुलगा रम्झी मॉन्ट्रियलला. कधीकधी वाटतं, इतिहास शिकवला असता तर पोरांनी निदान मागे वळून तरी पाहिलं असतं.

पाशा हा खरं तर रम्झीचा शिकारी कुत्रा. जाताना म्हणाला, "बाबा, दोन महिने सांभाळा, माझे कागद झाले की घेऊन जातो." त्याला सहा वर्षं झाली. मधे रम्झीची आई, माझी नजला, गेली. तेव्हा रम्झीचे कागद अशा काही नाजूक अवस्थेत होते की कॅनडाबाहेर पाऊल टाकलं तर परत आत घेतलं नसतं. त्यामुळे आईची माती त्यानं फोनवर पाहिली. फोन धरायला उभा होता तानियोस शिकारी. त्याचा हात बंदुकीवर स्थिर असतो, फोनवर नसतो. निम्मा वेळ रम्झीला आईच्या शवपेटीऐवजी तानियोसचे बूटच दिसत होते. हे मला त्यानं नंतर सांगितलं, आणि आम्ही दोघंही हसलो.

तर, या जूनमध्ये मी एक छोटंसं काम काढलं. स्वयंपाकघराच्या मागे हिवाळ्यासाठी ओकची लाकडं रचलेली होती, ती उचलून जिन्याखाली रचायची. बर्फात मागे जाताना मी गेल्या वर्षी दोनदा घसरलो होतो. पडल्याचं दुःख नव्हतं, पण पडल्यावर "अगं बाई" म्हणायलासुद्धा घरात कुणी नव्हतं. पाशा तेवढा येऊन माझ्याकडे बघत उभा राहिला.

पण आमच्या गावात माणसानं आपल्याच घरातलं लाकूड इकडून तिकडे करायचं तर तो काही खाजगी मामला नसतो. कुंपणाच्या भिंतीवरून पहिलं डोकं वर आलं ते उम्म फारिसचं. या माझ्या शेजारीणबाई, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, आणि हा फरक त्या मला विसरू देत नाहीत.

"अहो उस्ताद, उन्हाळ्यात लाकडं हलवतात का कुणी? खाली गारवा असतो. साप बसतात."

"मग हिवाळ्यात हलवू?"

"हिवाळ्यात जाळतात."

रस्त्यावरून तानियोस ओरडला, "आधी डिझेल शिंपडा, उस्ताद!" मुख्तार, म्हणजे आमचे गावकारभारी, गाडी थांबवून म्हणाले की जिन्याची शेवटची पायरी सार्वजनिक रस्त्यात येते, तेव्हा लाकडं रचण्यापूर्वी एक अर्ज केलेला बरा. एक ना धड भाराभर चिंध्या. शिकलेल्या माणसानं अशा वेळी जे करायचं तेच मी केलं. सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि कुणाचंच मानलं नाही.

खालच्या थरातला एक ओंडका उचलायला मी हात घातला, तर जिथे माझा हात जाणार होता तिथे पाशाचं नाक आधी पोचलं. त्यानं माझा जीव वाचवला असं मी म्हणणार नाही. प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची त्याला सवयच आहे. शेवटी वाढला तो याच गावात. पण एक फुस्स झालं, पाशा केविलवाणा ओरडला, आणि चांगली दंडाएवढी जाड घोणस दगडी भिंतीच्या फटीत निघून गेली. घाई नाही, गडबड नाही. तिचं काम झालं होतं.

बघता बघता पाशाचं तोंड एका बाजूनं फुगायला लागलं. एक डोळा मिटला. तो माझ्या पायाशी येऊन बसला आणि दुसऱ्या डोळ्यानं माझ्याकडे पाहायला लागला, जणू आता पुढचं मीच करणार. मी घाबरलो. अगदी सरळ सांगतो, नजला गेली त्या दिवसानंतर इतका घाबरलो नव्हतो. सकाळी उठून मी बातम्या मोठ्यानं वाचतो, त्या पाशा ऐकतो. जेवताना मी सरकारला शिव्या देतो, त्याही तोच ऐकतो. तो गेला तर या घरात माझ्या आवाजाला मान वळवणारं कोणी उरणार नव्हतं.

उम्म फारिस दह्याचा वाडगा आणि लसूण घेऊन आल्या. तानियोस सुरी आणि अरकची, म्हणजे बडीशेपेच्या दारूची, बाटली घेऊन आला.

"सुरीनं चीर द्यायची, रक्त काढायचं, वर अरक," तो म्हणाला.

"अरक जखमेवर?"

"नाही, तुम्हाला. चीर देताना कुत्र्याला धरायचंय तुम्ही. हात थरथरायला नको."

दोघांचंही सामान बाजूला सारून मी डॉक्टर नाजीला फोन लावला. नाजी जनावरांचा डॉक्टर, माझाच विद्यार्थी. फोनच्या मागे समुद्राची गाज ऐकू आली तेव्हा आठवलं की तोही गेल्या वर्षी सायप्रसला गेला. पण पोरगं गुणी. म्हणाला, "उस्ताद, चिरू नका, बांधू नका, बर्फ लावू नका. त्याला चालवू नका, उचलून न्या. सापाच्या विषावरची लस हवी, आणि लवकर. जनावरांसाठी आता तिकडे कुठे मिळायची नाही. गावच्या दवाखान्यात माणसांची असेल, तीच लागेल." मग जरा थांबून म्हणाला, "आमच्या घराच्या दारातला अंजीर अजून आहे का हो?" मी आहे म्हटलं. बघायला वेळ नव्हता.

नजलाची तपकिरी लोकरीची शाल होती, तिच्यात पाशाला गुंडाळलं आणि माझ्या जुन्या पेजो गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं. दवाखान्यात नर्स वर्दा एकटीच होती. डॉक्टर मंगळवारी येतात आणि साप मंगळवार बघून चावत नाहीत. वर्दाही माझी विद्यार्थिनी. सातवीत तिनं नाईल नदी उलटी वाहवली होती.

"उस्ताद, लस आहे," ती म्हणाली, "पण ती माणसांची. जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीत फोन करून पेशंटचं नाव सांगितल्याशिवाय मला फ्रीजचं कुलूपसुद्धा उघडायची परवानगी नाही. कुत्र्याचं नाव कसं सांगू?"

"पुरेशी आहे ना?"

"पुरून उरेल. या महिनाअखेर मुदत संपते. मग सगळी फेकूनच द्यायची आहे."

"म्हणजे फेकता येते, पण देता येत नाही?"

"फेकायला नाव लागत नाही ना, उस्ताद."

वर्दानं खिडकीतून गाडीकडे पाहिलं. पाशानं शालीतून तोंड वर काढलं होतं. एक बाजू कुत्र्याची, दुसरी टरबुजाची. ती माझ्याकडे वळली.

"उस्ताद, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"मला काय धाड भरलीय?"

"नीट आठवून सांगा," ती म्हणाली. तोंडी परीक्षेत गटांगळ्या खाणाऱ्या पोरांना मी ज्या आवाजात उत्तराकडे न्यायचो, तोच आवाज. "कुठे काही चावल्यासारखं? पायाला वगैरे?"

माझ्या डोक्यात उजेड पडला. "पायाला," मी म्हणालो.

"कुठल्या?"

प्रश्न अवघड होता. "डाव्या."

तिनं फोन लावला. "शफीक, निवृत्त शिक्षक, वय अडुसष्ट. हो, घोणसच." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. वर्दानं पुन्हा एकदा खिडकीतून गाडीकडे पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "वजन अठ्ठावीस किलो." पलीकडचं "किती?" मलाही ऐकू आलं. मग वर्दा म्हणाली, "हो ना. फार खंगलेत हो. एकटेच राहतात."

पलीकडचा माणूस हळहळला असावा, कारण परवानगी लगेच मिळाली.

पाशाला आत घेणं शक्य नव्हतं, तेव्हा वर्दा सामान घेऊन गाडीत शिरली आणि तिनं मागच्या सीटवरच त्याच्या पायात सलाईन लावली. बाटली अडकवायला जागा नव्हती, म्हणून मी गाडीबाहेर उन्हात ती हात वर करून धरली. नळी खिडकीतून आत गेलेली. सलाईन हळूहळू द्यायची असते, हे मला तोवर माहीत नव्हतं. माझा हात दुखून आला, चेहरा उतरला, घाम फुटला. नेमका त्याच वेळी तानियोस तिथून गेला. त्यानं काय पाहिलं? सलाईनची बाटली पाहिली, बाटलीखाली मला पाहिलं, माझा चेहरा पाहिला. नळीचं दुसरं टोक कुठे जातं हे पाहण्याइतका तो संशयी माणूस नाही. त्यात आरोग्य कचेरीतल्या माणसाची मेहुणी आमच्याच गावात दिलेली. दोन्ही बातम्या चौकात एकमेकींना भेटल्या आणि मी घरी पोचण्याआधी त्या माझ्या घरी पोचल्या.

मी गाडी वळवली तर अंगणात माणसंच माणसं. मुख्तार, अबूना बुलोस, म्हणजे आमचे पाद्रीबाबा, गावच्या सगळ्या काकू-माम्या. मी दार उघडून उतरलो तसा एक हुंदका उठला. "चालतोय! अगं, चालतोय बघा!" कुणीतरी ओरडलं. चौघांनी मला उचललं. मी "अहो, ऐका तरी" म्हणत होतो, पण विष डोक्यात चढलं की माणूस असंच बरळतो म्हणे. मुख्तारांच्या चुलत्याचंही असंच झालं होतं.

खरं सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण गर्दीच्या मागे वर्दा येऊन उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. माणसांची लस कुत्र्याला दिली हे कळलं तर तिची नोकरी जाणार, आणि त्या घरात कमावणारी ती एकटी. तेव्हा मी डोळे मिटले, एक बारीकसा कण्हण्याचा आवाज काढला आणि अंथरूण धरलं. सापाशिवाय सर्पदंश झालेला आमच्या डोंगरातला पहिला माणूस मी असेन.

आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जाण्याची रीत मोठी कडक आहे. लग्नाला नाही गेलं तर चालतं, आजाऱ्याला भेटायला नाही गेलं तर पिढ्यान्‌पिढ्या ऐकून घ्यावं लागतं. वर्दानं माझ्या डाव्या पायाला असं जाड बँडेज बांधलं की मलाच वाईट वाटायला लागलं. दुपारपासून रीघ लागली. उम्म फारिसनी दह्यातले किब्बे, म्हणजे खिम्याचे गोळे, आणले, कुणी कोंबडीचं सूप, कुणी भाताची खीर. प्रत्येकानं आपापला सापही आणला होता. कुणाच्या मामाचा साप विहिरीत होता, कुणाच्या आजीचा पाळण्यात. जो येईल तो आधीच्यापेक्षा जाड साप सांगे. शेवटी आलेल्या गवंडी मन्सूरच्या सापाला मिशा होत्या.

पाशा पलंगाखाली सुजलेलं तोंड घेऊन पडला होता. अबूना बुलोस माझ्या कपाळाला तेल लावून वाकले, त्यांना तो दिसला.

"याला काय झालं?"

उम्म फारिसनी डोळ्याला रुमाल लावला. "धन्यासाठी रडतोय हो, अबूना. रडून रडून तोंड सुजलंय मुक्या जिवाचं. आणि माणसं बघा, पोटची पोरं..." पुढचं त्यांनी गिळलं, पण खोलीतल्या सगळ्यांना ते ऐकू आलं.

मग त्यांनी जाहीर केलं की त्यांनी माझ्यासाठी नवस बोललाय. मी वाचलो तर डोंगरमाथ्यावरच्या मार शल्लिताच्या देवळापर्यंत अनवाणी चढून जायचं.

"कोण, तुम्ही?"

"मी कशी? माझे गुडघे बघता ना? तुम्ही."

"अहो, पण मार शल्लिता तर गुराढोरांचा संत! माझ्यासाठी तो कशाला?"

"बाकीच्या संतांकडे फार गर्दी असते, उस्ताद. हा जरा रिकामा असतो."

साऱ्या गावात एका उम्म फारिसनीच अर्ज योग्य कचेरीत टाकला होता, आणि ते त्यांनाच ठाऊक नव्हतं.

पुढचे दोन दिवस असेच गेले. एकदा बँडेज सोडून बांधताना ते उजव्या पायाला गेलं. विष सरकलं, असं गावात ठरलं. माझ्या प्रतिष्ठेचं म्हणाल तर शौचालयात जातानाही दोन माणसं बगलेत हात घालून न्यायची आणि दारापाशी उभी राहून "सावकाश, उस्ताद!" ओरडायची. ज्या माणसानं या पोरांना पृथ्वीचा परीघ शिकवला, त्याच्यावर ही वेळ.

आणि तरीही एक गोष्ट आहे. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला बरं वाटत होतं. घरात पेले वाजत होते, कुणीतरी स्वयंपाकघरात "साखर कुठे ठेवलीय?" म्हणून विचारत होतं, बायका नजलाच्या कपाटातून तिच्या चादरी काढून वाळत घालत होत्या. मी खोकलो की तीन जण "काय झालं?" म्हणत आत यायचे. मी दोन-तीनदा उगीचच खोकलो.

पाशाची सूज उतरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं माझ्यासाठी आणलेले किब्बे पातेल्यातून परस्पर खाल्ले आणि मिटलेला डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. मी पलंगावरून वाकून त्याचं डोकं कुरवाळलं, आणि मला रडू आलं. भेटायला आलेल्यांना वाटलं, पाय ठणकतोय.

पण त्याआधीच, पहिल्याच दिवशी, फोन आला होता. गावाचा एक फोनवरचा गट आहे. त्यात गावात राहणारे थोडे आणि परदेशात राहणारे पुष्कळ. तानियोसनं त्यात टाकलं होतं, "उस्तादांसाठी प्रार्थना करा. मी डोळ्यांनी पाहिलंय." रम्झीनं फोन केला तेव्हा त्याचा चेहरा पडद्यावर मावत नव्हता, इतका त्यानं फोन जवळ धरला होता.

"बाबा, बोलू नका. दमू नका. मी येतोय. कागद आता झालेत. गुरुवारचं विमान आहे, तिकीट काढलंय."

मी तोंड उघडलं. खोलीत मुख्तार होते, उम्म फारिस होत्या, अबूना होते, दारात वर्दा होती. मी म्हणालो, "बरं."

"ईच्या वेळी नाही येता आलं," तो म्हणाला. 'आ' त्याच्या घशातच राहिला. "या वेळी मी उशीर करणार नाही, बाबा."

त्यानंतर गाव नुसतं पेटलं. रम्झी येतोय! त्याची खोली उम्म फारिसनी धुऊन काढली, गाद्या उन्हात टाकल्या. मुख्तारांनी कोकरू कापायचं ठरवलं. तानियोस म्हणाला, गाडी वळणावर दिसली की मी बार काढतो. मी पडल्या पडल्या सगळं ऐकत होतो. सहा वर्षांत "यंदा नाताळला नक्की" हे मी सहा वेळा ऐकलं होतं. यातल्या एकाही वेळी त्यानं तिकीट काढलं नव्हतं. मला फक्त पडून राहायचं होतं. बँडेज, कण्हणं आणि गुरुवार.

मंगळवारी दुपारी भेटायला येणारी माणसं जेवायला आपापल्या घरी गेली. घर एकदम शांत झालं. तिकडे मॉन्ट्रियलला तेव्हा सकाळ असते. मी पाय खाली सोडले, चालत जाऊन दार लावलं आणि रम्झीला फोन केला. मला त्याचं ते आईच्या वेळचं वाक्य झोपू देत नव्हतं. नजलासाठी तो येऊ शकला नाही, आणि आता कुत्र्याला चावलेल्या सापासाठी ऊर फुटेतो धावत येणार, हे माझ्यानं होईना.

"रम्झी, मला घोणस चावलेली नाही. पाशाला चावली."

मग सगळं सांगितलं. फेकायची लस, वर्दा, अठ्ठावीस किलो, नळीचं दुसरं टोक. तो ऐकत राहिला. मग हसायला लागला. हसता हसता त्यानं चष्मा काढला आणि तळव्यानं डोळे पुसले आणि पुन्हा हसला.

"पाशा बरा आहे?"

"किब्बे खाल्लेन."

"आणि तुम्ही? खरंच?"

मी फोन खाली धरला आणि दोन्ही पायांनी खोलीत चालून दाखवलं. पाशा मागोमाग आला.

"बाबा," तो म्हणाला, "बरं झालं आजच सांगितलंत. संध्याकाळी मी तुम्हाला मारणार होतो."

"म्हणजे?"

"इथे सापानं चावलेल्या बापासाठी रजा नसते. रजा शिल्लकही नाही, बाळाच्या वेळी सगळी संपली. बाप वारला तर मात्र पाच दिवस मिळतात. साहेबाला म्हटलं, वडील अत्यवस्थ आहेत. तो म्हणाला, वाईट वाटतं, झाले की कळव. मग मी ठरवलं होतं, आज संध्याकाळी अर्ज टाकायचा. वडील गेले म्हणून. दोन दिवस लिहायला बसतोय. हात चालत नाही."

मला आधी रागच आला. माणसाला मारायचं तर निदान विचारावं. "पाचच दिवस?" मी म्हणालो.

"सासऱ्याला एकच असतो."

सासऱ्यापेक्षा मी बरा, एवढं समाधान मानून घेतलं.

"आता अर्जाची गरज नाही," रम्झी म्हणाला. त्याचा आवाज हलका झाला होता. "तिकीट बदलतो. साहेबाला सांगतो, धोका टळला. तेही बरंच झालं, बाबा. ती रजा एकदाच मिळते. एकदा बाप गेला अशी नोंद झाली की पुन्हा मागता येत नाही. आता ती राहील. म्हणजे नंतर..."

तो थांबला. नंतर म्हणजे कशासाठी, ते त्याला बोलवेना. मलाही कुणी सांगायची गरज नव्हती. त्याच्या मागे एक छोटंसं पोर रांगत गेलं, माझ्या नातवाचं नुसतं डोकं दिसलं. बाहेर त्याच्यासाठी काढलेल्या गाद्या उन्हात होत्या. रम्झी म्हणाला, "नाताळला बघतो. यंदा नक्की."

मी पलंगावर बसलो. आयुष्यभर मी मुलांना सांगत आलो की अंतर मोजायचं तर नकाशावर पट्टी ठेवा. पट्टीनं काही होत नाही. मी विचार करायला फार वेळ घेतला नाही.

"रम्झी, टाक तो अर्ज."

"काय?"

"मार मला."

"बाबा, अहो..."

"ऐक. मी खरंच मेल्यावर तू आलास, तर गाव बघेल, अबूना बघतील, उम्म फारिस असल्या तर त्या बघतील. मला काय कळणार आहे? तेव्हा नाही आलास तरी चालेल. मी काही विचारायला उठत नाही. माझ्या वाट्याचे पाच दिवस आहेत ना? मग ते मला आत्ता दे."

पडद्यावर त्याची हनुवटी तेवढी हलत होती, लहानपणी नकाशा चुकला की हलायची तशी.

"खोटं आहे, बाबा," शेवटी तो म्हणाला.

"आहेच. पण मरणार तर मी आहेच. तारखेचा काय तो घोळ."

मग तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, कळफलक वाजला, थांबला, पुन्हा वाजला.

"तारीख कुठली टाकू?" त्यानं विचारलं. आवाज पार भिजला होता.

"आजची टाक," मी म्हणालो. "आणि लवकर निघ."